टर्की नाचल्याशिवाय जावई नाही

सान सिरिलोत कुणाचंही लग्न ठरलं की पहिला निरोप फिदेंसियाकडे जायचा, पाद्रीबुवांकडे नंतर. पाद्रीबुवा आजारी पडले तर शेजारच्या गावातून दुसरे बोलावता येतात. पण जिवंत टर्की कोंबडा खांद्यावर घेऊन, बँडच्या पुढे, भर उन्हात गल्लीगल्लीतून नवरीच्या दारापर्यंत नाचत जायचं, आणि पोचेपर्यंत त्या टर्कीनं कुणाचा डोळा फोडायचा नाही, हे जमणारी बाई पंचक्रोशीत एकच होती.

बुटकी, रुंद, पाय जमिनीत रोवल्यासारखे. नाचायच्या आधी ती टर्कीच्या चोचीत मेस्काल दारूचा एक घोट ओतायची, एक स्वतःच्या घशात, आणि मग त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटायची. लोक म्हणायचे, मंत्र आहे. मंत्र कसला डोंबलाचा! ती म्हणायची, "बाबा, उद्या तुझा रस्सा होणार. आज नाचून घे." टर्की निमूट ऐकायचा. गावातली माणसंही तिचं इतकं नीट ऐकत नसत.

आमच्याकडची रीत साधी आहे. नवऱ्याच्या घरच्या बायकांनी टर्की नाचवत आणायचा, नवरीच्या आईनं तो मांडीवर घ्यायचा, दुसऱ्या दिवशी त्याचा मिरच्यांचा लाल-काळा रस्सा, म्हणजे मोले, रांधून दोन्ही घरांनी खायचा. मग ती दोन घरं एकमेकांची. चर्चमधली अंगठी, कचेरीतली सही हे सगळं ठीक आहे, पण टर्की आला नसेल तर आमच्या लेखी लग्न अजून रस्त्यातच आहे.

आणि फिदेंसियाचं लग्न चाळीस वर्षं रस्त्यातच होतं.

आर्नुल्फो गावात आला तो संताच्या जत्रेला, परगावच्या बँडबरोबर, ट्यूबा हा भलाथोरला पितळी कर्णा वाजवायला. जत्रा संपल्यावर बँडचा ट्रक निघाला तेव्हा ट्यूबा मावेना. ट्यूबा ठेवायचा म्हणजे त्याच्याशेजारी कुणीतरी थांबायला हवं, म्हणून आर्नुल्फोला ठेवून गेले. "संध्याकाळी येतो," म्हणाले. अजून आलेले नाहीत. त्या संध्याकाळी फिदेंसियानं त्याला पाणी दिलं आणि महिन्याभरात ती त्याच्याबरोबर पळाली. लांब नाही पळाली, तीन गल्ल्या पलीकडे.

पळून जाण्याचं आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही. पळायचं, मग नवऱ्याच्या माणसांनी टर्की नाचवत आणून माफी मागायची, की झालं. पण इथंच घोडं पेंड खात होतं. आर्नुल्फोला माणसंच नव्हती. आईबाप कधी गेले ते त्याला आठवत नव्हतं, एका काकानं वाढवलं, तोही वारला. बिचारा स्वतःच बाजारातून टर्की उचलून सासूच्या दारात उभा राहिला. सासू म्हणजे पेत्रोनिलाबाई. नाकावर माशी बसू न देणारी बाई.

"उचलून आणलास," ती म्हणाली. "नाचवून नाही. मी काय बाजारहाट करायला बसलेय?"

तो परत गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः टर्की घेऊन नाचत आला. गल्ली हसून हसून लोळली. पेत्रोनिला मात्र हसली नाही.

"नवऱ्यानं आपलाच टर्की नाचवायचा म्हणजे मेलेल्यानं आपल्याच मढ्याला खांदा द्यायचा. तुझी बाजू घेऊन ये, बाजावाल्या."

"आई, गावातल्या बायका नाचतील की," फिदेंसिया काकुळतीला आली.

"गावातली प्रत्येक बाई माझी भाची नाहीतर सून नाहीतर माझ्या मांडीवर नाव ठेवलेली. म्हणजे माझ्याच बाजूनं मलाच टर्की द्यायचा? शहाणी आहेस." आणि तिनं उंबऱ्याकडे बोट केलं. "टर्की येईपर्यंत हा ह्याच्या आत येणार नाही."

झालं. म्हातारीचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून आर्नुल्फो सासरी आला की दारालगतच्या भिंतीशी एका तिपाईवर बसायचा. ताट खिडकीतून यायचं. पाऊस आला तर भिंतीच्या खिळ्याला छत्री अडकवायची. पुढं चर्चमध्ये लग्नही लागलं. पेत्रोनिला म्हणाली, "देवानं मान्य केलंय ना? मग देवाच्या घरात बसू दे त्याला." चार पोरं झाली, ती आजीच्या घरात खुशाल बागडायची आणि बापाला खिडकीतून केळी नेऊन द्यायची.

आर्नुल्फो कामाचा माणूस. सासूचं छप्पर गळलं, त्यानं शिडी लावून वरून दुरुस्त केलं. आतला दिवा गेला, तर त्यानं चार कौलं काढली, छपरावर पालथा झोपला, हात आत घातला आणि वरूनच नवा दिवा बसवला. खालून पेत्रोनिला त्याला सांगत होती, "डावीकडे. अरे, माझ्या डावीकडे!" म्हातारीला न्यूमोनिया झाला तेव्हा तिला ट्यूबा ऐकायचा होता. तो खिडकीबाहेर उभा राहून दिवसभर वाजवत राहिला. तिला उतार पडला आणि तिनं त्याला खिडकीतून उकडलेलं अंडं दिलं. गावाला ह्यात काहीच विचित्र वाटत नव्हतं. कुणाचा जावई दारुडा असतो, कुणाचा बाहेर असतो.

विचित्र वाटायचं ते फक्त फिदेंसियाला. दुसऱ्यांच्या दारी टर्की नेता नेता तिची साठी उलटली. आणि पेत्रोनिला नव्वदीला टेकली, सकाळी उठली की आधी "आज कोण मेलं?" विचारू लागली. फिदेंसियाच्या मनात एकच घोर होता. आई आत असेपर्यंत नवरा आत येणार नाही, आणि आईला बाहेर नेल्यावर त्यानं आत जायचं ते कुणासाठी? चाळीस वर्षं एका माणसानं उन्हात ताट धरलं, ते काय रिकाम्या खोलीत शिरायला?

अशात विल्फ्रिदो मास्तर आले. तालुक्याच्या शाळेत खेळ शिकवायचे आणि फावल्या वेळात लोकनृत्याचं पथक चालवायचे. पथकाला पोलंडमधल्या एका गावानं जत्रेला बोलावलं होतं. गावाचं नाव इतकं अवघड, की मास्तरसुद्धा ते शिंकल्यासारखं उरकून टाकायचे. तिथल्या महिला मंडळाला आमचे नाच बघायचे होते, शिकायचेही होते, आणि त्यातही टर्कीचा.

"येईन," फिदेंसिया म्हणाली. "पण ट्यूबा हाच वाजवणार. दुसऱ्याच्या फुंकरीवर माझा पाय उचलत नाही."

"नक्की. फक्त टर्की नेता येणार नाही विमानातून. मी कागदाच्या लगद्याचा करून घेतलाय."

तालमीत तिनं तो कागदी टर्की खांद्यावर घेतला, पहिलीच गिरकी मारली आणि टर्की थेट चर्चच्या भिंतीवर जाऊन आपटला.

"ह्याला वजन नाही, मास्तर. आणि उद्याची भीतीही नाही. नाचेल कसा?"

"बाई, नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं."

"मग तुम्ही नाचा ह्याला घेऊन," ती म्हणाली. मास्तर नाचले. टर्कीचं डोकं पडलं. शेवटी पोलंडला निरोप गेला आणि तिकडून उत्तर आलं, की महिला मंडळाच्या बोझेनाबाई घरचा टर्की देतील.

निघताना पेत्रोनिला आतून ओरडली, "सगळ्या जगाच्या दारात टर्की नाचव! माझ्या दारात कधी येणार गं?" आर्नुल्फोनं तिपाई भिंतीशी नीट लावून ठेवली.

बोझेना उंच, लालबुंद गालांची, विधवा. तिचा हात हातात घेतला की आपला हात परत मिळेल की नाही असं वाटायचं. तिच्या मंडळाच्या बायका अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जमल्या. सरावाला वजन हवं, असं फिदेंसियानं आधीच कळवलेलं, म्हणून प्रत्येकीनं घरून काहीतरी आणलं होतं. एकीनं भोपळा, एकीनं हंस, एकीनं आपलं लठ्ठ कुत्रं. पावलं कशी मोजायची, हे त्या दुभाषी मुलीमार्फत विचारत होत्या.

"मोजायची नाहीत," फिदेंसिया म्हणाली. "खांद्यावरचा सांगतो कधी वळायचं."

"भोपळा काही सांगत नाही," भोपळेवाली म्हणाली.

"भोपळ्यानं कसं सांगावं? तिकडे बघ, कुत्रं किती छान सांगतंय."

खरंच, कुत्रेवाली सगळ्यांत झकास वळत होती.

प्रयोगाच्या दिवशी टर्की आला. पांढराफेक आणि वासराएवढा. उचलताना फिदेंसियाच्या तोंडून देवाचं नाव निघालं. मेस्काल विमानतळावर काढून घेतली होती, म्हणून त्याला तिथली आलुबुखाऱ्याची दारू पाजली. टर्कीनं घोट घेतला, विचार केला, आणि आणखी मागितली. मग अडचण आली ती कानातल्या गोष्टीची. त्याला आमची भाषा कशी येणार? फिदेंसियानं दुभाषी मुलीला बोलावलं. "ह्याला सांग, उद्या तुझा रस्सा होणार, आज नाचून घे." मुलगी शाकाहारी होती. तिनं रंगमंचावर सगळ्यांसमोर टर्कीच्या कानात ते सांगितलं आणि ती रडायला लागली. टर्कीनं फिदेंसियाच्या मानेवर मान टाकली आणि तो घोरू लागला. लोकांना वाटलं, केवढी ही माया! टाळ्या थांबेनात. शेवटी रीतीप्रमाणे फिदेंसियानं टर्की समोरच्या बाईच्या मांडीवर ठेवला. समोर बोझेना होती. तिनं तो घेतला आणि घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिदेंसिया तिच्या अंगणात गेली, तर टर्की चालतोय! उजळ माथ्यानं दाणे टिपतोय.

"हा जिवंत कसा?" फिदेंसियाचा पारा चढला. "नाचवलेला टर्की परत खुराड्यात? अगं, हे म्हणजे लग्नातून नवरा परत पाठवण्यासारखं झालं!"

दुभाषी मुलीनं डोळे पुसत भाषांतर केलं. बोझेनानं सांगितलं की हा जत्रेत बक्षीस मिळवलेला टर्की आहे. मग ती फिदेंसियाच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. बाईला बाईचं कळतं. ती आत गेली आणि सुरी घेऊन आली.

दुपारी महिला मंडळ आणि आमचं पथक बोझेनाच्या घरी जेवायला जमलं. निम्मा टर्की आंबट कोबीत शिजला होता, निम्म्याचा फिदेंसियानं घरून नेलेल्या मिरच्यांचा मोले केला होता. सगळे आत गेले. आर्नुल्फोनं मात्र दाराबाहेर एक बादली पाहिली, ती सवयीनं पालथी घातली, भिंतीला पाठ लावून बसला आणि ताटासाठी उंबऱ्यावरून हात पुढं केला.

बोझेना किंचाळली. ताट तिच्या हातातून पडायचंच राहिलं. तिनं ते टेबलावर आपटलं, बाहेर गेली, आर्नुल्फोची कॉलर धरली आणि त्याला ओढत आत आणून खुर्चीवर बसवलं.

"काय झालं? काय केलं ह्यानं?" फिदेंसिया घाबरली.

"उंबऱ्यावरून काही दिलं-घेतलं की घरात भांडण शिरतं, असं मानतात इथं," दुभाषी मुलगी म्हणाली. "माणसानं एकतर आत असावं, नाहीतर बाहेर."

आर्नुल्फो खुर्चीच्या टोकावर बसून चारी भिंतींकडे बघत होता. एका बाईच्या घरात, सगळ्यांबरोबर, ताटापुढे. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. फिदेंसियाला ते बघवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि तोंडात पदर कोंबल्यासारखी शाल कोंबून ढसाढसा रडली. बोझेना मागोमाग आली. मग सगळं सांगावं लागलं. ट्रक, ट्यूबा, तिपाई, छत्री, छपरातून बसवलेला दिवा. दुभाषी मुलगी आधी हसत होती. दिव्यापर्यंत येता येता तिचं हसू गेलं.

बोझेनानं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "मी नाचवलेला टर्की घेतला. शिजवला. सगळ्यांनी खाल्ला. मग तुमच्या रीतीनं मी आता तुमची कोण?"

फिदेंसियानं नाक पुसलं. "घरची. आणि तुमच्याकडून एक टर्की येणं आहे."

"मग ह्याची माणसं नाहीत असं कसं म्हणता?" बोझेना गरजली. "आम्ही कोण आहोत मग?"

निरोप घेताना "या हं आमच्याकडे" सगळेच म्हणतात. त्यावर विसंबून कुणी येत नाही. ह्या बायका आल्या. पुढच्या वर्षी आमच्या संताच्या जत्रेला मास्तरांच्या बसमधून उतरल्या, घामानं निथळत, डोक्याला फुलाफुलांचे रुमाल बांधून. बाजारात बोझेनानं टर्की स्वतः निवडला. छाती दाबून पाहिली, पायाचे तळवे पाहिले. विकणारी म्हणाली, "ही बाई परकी नाही. ही कुणाची तरी सासू आहे."

फिदेंसिया नवरी, म्हणून तिला नाचता येईना. ती आईच्या घरात खिडकीशी उभी राहिली आणि लांबून बँड ऐकू लागली. ट्यूबाही ऐकू येत होता. नवऱ्यानं आपल्या लग्नात वाजवू नये, पण गावात दुसरा ट्यूबावाला होता कुठं? मग वळणावर मिरवणूक दिसली आणि फिदेंसियानं कपाळावर हात मारला. बोझेना टर्की खांद्यावर घेऊन चक्क तिच्याकडचा पोल्का नाचत होती. मागच्या बायका गोल फिरत, टाचा आपटत, हुंकारत येत होत्या. एकही पाऊल आमचं नव्हतं. शिकवलेलं सगळं समुद्रात सांडून आल्या होत्या. टर्की मात्र डोळे मिटून सुखात होता, त्याला आलुबुखाऱ्याची लागली होती. अख्खं गाव पेत्रोनिलाकडे बघत होतं.

पेत्रोनिला उंबऱ्याच्या आत खुर्चीवर. तिनं डोळे बारीक केले.

"ह्या कोण?"

"त्याची माणसं, आई."

"एवढी गोरी?"

"आईच्या बाजूची," फिदेंसियानं ठोकून दिलं.

"नाचतात भिकार."

तोवर बोझेना दारात आली, थांबली आणि माफीचं भाषण करू लागली. पोलिशमध्ये. दुभाषी मुलगी ह्या खेपेला आलीच नव्हती. बोझेना लांबलचक बोलली, आर्नुल्फोकडे हात केला, आभाळाकडे केला, छातीवर बुक्की मारली, शेवटी तिचा आवाज फाटला आणि डोळ्यांतून पाणी आलं. कुणाला एक अक्षर कळलं नाही.

पेत्रोनिलानं मान डोलावली. "बरोबर बोलली बाई. एवढं मन लावून माफी गावात कुणी मागितली नाही." तिनं मांडी पुढं केली. "आणा इकडं. भिकार नाचतात म्हणजे लांबचीच आहेत. माझ्या बाजूची नक्कीच नाहीत."

बोझेना टर्की द्यायला वाकली आणि उंबऱ्यावर नजर जाताच थबकली. मग तिनं एक ढांग टाकली, घरात आली आणि आत उभं राहूनच टर्की म्हातारीच्या मांडीवर ठेवला. आता जावयाला नावानं हाक मारून आत घ्यायचं. पेत्रोनिला लेकीच्या कानाशी वळली.

"ह्याचं नाव काय गं?"

"आर्नुल्फो, आई."

"असं होय. बरं आहे की." आणि ती मोठ्यानं म्हणाली, "आर्नुल्फो, आत ये."

आर्नुल्फो निघाला आणि ट्यूबासकट दारात अडकला. तिघांनी ओढला, मास्तरांनी मागून ढकलला, तेव्हा आत आला. आल्या आल्या त्यानं वर पाहिलं. आपण बसवलेला दिवा खालून कसा दिसतो, हे त्यानं पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मोलेचं जेवण. त्याला म्हातारीशेजारी बसवलं. त्यानं घास घेतला, चावला, गिळता येईना. दुसरा घेतला, तोही तोंडातच. सगळे बघत होते, त्यामुळे तो आणखीच लाजला. शेवटी तो उठला, ताट उचललं, "माफ करा, आई, आत गिळत नाही मला," म्हणाला आणि बाहेर जाऊन तिपाईवर बसला. फिदेंसियाचा हात तोंडाशीच थांबला. इतकं करून शेवटी हे?

पेत्रोनिलानं घास संपवला. मग खुर्चीचे हात धरून उठली, कुणाला हात लावू दिला नाही, खुर्ची फरफटत उंबऱ्याबाहेर नेली आणि जावयाशेजारी भिंतीला लावून बसली. दुपार होती. थोड्याच वेळात तिनं पाठ भिंतीपासून सोडवली आणि हात मागे नेऊन भिंत चाचपली.

"इथं एवढं ऊन लागतं?"

"दुपारी लागतं," आर्नुल्फो म्हणाला.

"भिंत भाजते रे."

"संध्याकाळी गार होते."

आतून फिदेंसिया बघत होती.

"बोलला नाहीस कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत, आई."

पेत्रोनिलानं खिळ्यावरची छत्री काढली, उघडली आणि त्याच्या डोक्यावर धरली. "जेव," ती म्हणाली. "गार होतंय."